आठव्या फर्म्याचा गहन अर्थ

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोज लिहिणार. कारण तसंच आहे. रविवारी वाचनालयात मुलांसमोर माझं भाषण : ‘सात दारांचं बेट’ या पुस्तकावरून काढलेल्या टीव्ही मालिकेचे गुणदोष. ग्रंथपालबाई म्हणाल्या, पुस्तकाचं बायंडिंग तुम्हीच केलंत, तुमच्याइतकं जवळून ते कुणी पाहिलंय? खरंच. बारा वर्षांपूर्वी दोन हजार प्रती शिवल्या, एक स्वतःला ठेवली. वाचायची तेवढी राहिली.

लेक (वय अकरा) वर्गात सांगून बसलीय, की बाबाला ते तोंडपाठ आहे. हे तिला मीच सांगितलं होतं. तिच्या चार मैत्रिणी पहिल्या रांगेत बसणार. इज्जतीचा प्रश्न!

संकल्प : निःपक्षपाती राहायचं. दहा गुण, दहा दोष.

३ मार्च.
दुकानात सरस वाळेपर्यंत पुस्तक वाचून काढलं. मुलगी हरवलेल्या बापाला शोधत बेटावर जाते. साधी गोष्ट. पण पान ११३! सातवं दार ढकलते, आणि आत लाल, ओलसर गुहा. बत्तीस पांढरे शिपाई. एकाला आतून कीड लागलेली. मग एक केसाळ भाला फेस उडवत येतो. सोळा पानं मुलीचा पत्ताच नाही! आणि १२९ वर बापलेक होडीत बसून घरी. भेट दाखवलेलीच नाही. काय ही सूचकता! शिपाई म्हणजे समाज, हे उघड आहे.

४ मार्च.
मालिका पाहायला लेकीला शेजारी बसवलं. मध्येमध्ये थांबवून समजावून सांगितलं. अठराव्यांदा थांबवल्यावर ती उठून मैत्रिणीकडे गेली. एकाग्रता कमी.
गुण : बोलक्या बोकडाचा आवाज. अफलातून. दीपस्तंभही खरा वाटतो.
दोष : सात दारांची चार केली. बजेट! मुलगी समुद्र पोहून येते, वेणी तशीच्या तशी.

५ मार्च. संध्याकाळी.
शेवटचा भाग. घोर अन्याय! शिपाई गायब. शेवटच्या दारामागे चक्क बाप. मुलीला ओळखतच नाही. मग ती त्याचं जुनं गाणं मुद्दाम चुकीचं म्हणते, तो सवयीनं दुरुस्त करतो, आणि ओळख पटते. सगळा पदरचा मसाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सरसाच्या वासानं. बायको म्हणाली, सरस दुकानात आहे. हिला खोट काढायची सवयच.
दोष आता एकोणचाळीस.

७ मार्च.
लेक म्हणते, मैत्रिणीच्या पुस्तकात शिपाई नाहीत, भेट आहे. मी म्हटलं, संक्षिप्त आवृत्ती असेल. म्हणाली, पानं तेवढीच आहेत. मी म्हटलं, टाइप मोठा असेल. मग काकुळतीला आली, उद्या शिपायांचं नको ना काढूस. माझ्या भाषणाचं तिलाच टेन्शन आलंय, बिचारी. शिपायांवरच अर्धा तास बोलणार.

८ मार्च, रविवार. दुपारी.
हॉल भरलेला. सुरुवात झकास. शिपाई आले तशी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागून दातांचे डॉक्टर ताडकन उभे राहिले. मला वाटलं, भारावले. ते म्हणाले, ही माझ्या ‘आपले दात’ पुस्तकातली पानं आहेत.

त्याचंही बायंडिंग माझंच. त्याच आठवड्यात. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. दोन्ही पुस्तकांचे आठवे फर्मे शेजारीशेजारी ठेवलेले. अदलाबदल कुणी केली, हे विचारण्यात अर्थ नाही. दुकानात मी एकटाच असतो.

डॉक्टर पुढे म्हणाले, त्यांच्या दवाखान्यातल्या प्रतीत दात किडतो आणि पान उलटलं की हरवलेला बाप भेटतो. बारा वर्षं पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच रडतायत. त्यांना वाटायचं, सुईला घाबरतात.

हॉल हसून हसून आडवा. लेक खाली मान घालून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्रंथपालबाईंनी धड प्रत हातात दिली, तर मी ती भेट वाचायला लागलो. मालिकेत होती तशीच, शब्दाला शब्द. गाण्यापाशी आवाजच फुटेना. तेव्हा लेक उठून आली, माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुढचं वाचलं. खणखणीत.

९ मार्च. संध्याकाळी ५.
दोषांची यादी तपासली. उरले दोन : दारं आणि वेणी.
लेक शाळेतून आली. वर्गात मला ‘दातवाले काका’ म्हणतात म्हणे. मी म्हटलं, विसरतील. ती म्हणाली, तिला ‘अक्कलदाढ’ म्हणतात. मी मनापासून सॉरी म्हणालो. तर म्हणाली, असू दे, त्यात अक्कल तरी आहे, घरात कुणाला तरी हवीच.