नारळ फुटला नाही

नवेगाव बांध,
७ ऑक्टोबर, कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. ओमेशले ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. धान चांगला निसवला आहे, म्हैस व्याली, खरवस खायले तू नाहीस म्हणून मीच जास्त खाल्ला. नागपुरात तुझी, रेणूची, छकुलीची तब्येत कशी आहे? छकुलीचा पुढचा दात पडला म्हणे. नवा आला की फोटो पाठव.

ताईनं पत्र कायले लिहिलं, असं म्हणशील. फोन लावला की तुझे भाऊजी बाजूले येऊन बसतात आणि 'स्पीकरवर टाक' म्हणतात. तुझ्याशी बोलायची भारी हौस त्यायले! माझा साळा बोट कंपनीत साहेब आहे, हे तलावाच्या पाळीवर सगळ्यायले सांगून झालं आहे. त्यायच्यासमोर काही विचारता येत नाही. म्हणून हे शालीकराम कंडक्टरच्या हाती देऊन राहिली.

लोकायले तलावात फिरवायले भाऊजीनं तुमच्या कंपनीची बोट घेतली, ती फोटोत तू पाहिलीच. लाल-पांढरी, झकास. तू म्हणाला तसं तिले बाहेर पंखा नाही, खालून पाणी ओढते आणि मागून फेकते, तेवढ्यावर पळते. भाऊजीनं हे लोकायले इतक्या वेळा सांगितलं की आता आमच्या म्हशीलेही पाठ झालं असेल.

पण नारळाची गोष्ट तुले कोणी सांगितली नसेल. माझे सासरे कसे आहेत, तुले ठाऊक आहे. ट्रॅक्टर असो की मोटारपंप, मामाजीनं नारळ फोडल्याशिवाय आमच्या घरी काही चालू होत नाही. भाऊजी म्हणाले, "बाबा, खाली दगडावर फोडा." मामाजी कुठले ऐकतात! "तुह्या लग्नाची गाडी आणली तवा तिच्या तोंडावर फोडला होता. बोटीले का तोंड नाही?" दोन्ही हातानं उचलला आणि हाणला. नारळ टणकन उडाला आणि अख्खाच्या अख्खा तलावात गेला. बोटीच्या तोंडावर मात्र वीतभर चीर पडली.

लोक हसले. मीही हसली ना बापा, कायले खोटं बोलू. मग केवलराम धिवर म्हणाला, "नारळ फुटला नाही, बोट फुटली!" त्यावर कोणी हसलं नाही.

मामाजी तेव्हापासून तलावाकडे फिरकले नाहीत. आपल्या हातून अपशकुन झाला म्हणतात, धड जेवत नाहीत. मी म्हटलं, मामाजी, तुमचा हात चांगला आहे, बोटीचीच चामडी पातळ आहे. म्हातारा माणूस, त्याले काय समजावू?

भाऊजीनं तुमच्या कंपनीले फोन लावला. तिकडची पोरगी काय गोड बोलते रे! "सर, आप बिलकुल परेशान मत होइए." आधी गाणं ऐकवलं, मग सांगितलं की नारळ ग्राहकानं मारला, ते वॉरंटीत बसत नाही. घरीच चीर भरा म्हणून एक ट्यूब पाठवली आणि मोबाइलवर व्हिडिओ. भाऊजीनं भरली. वरून मोठा गणपतीचा स्टिकर लावला. आता काही दिसत नाही.

बाकी बारीकसारीक. सीटचा एक स्क्रू माझ्या हातात निघून आला. मागच्या झाकणाची बिजागरी आताच गंजून राहिली. बाजूवर टकटक केलं तर बिस्किटाच्या रिकाम्या खोक्यासारखं वाजते. भाऊजीनं तुले विचारलं तेव्हा तू म्हणाला, "नॉर्मल आहे भाऊजी, नव्या बोटीले असं होतेच." ते तेवढ्यावर खूश.

आम्ही दोघं एकदा चक्कर मारून आलो. छान वाटलं. हवा होती.

एखाद्या रविवारी येऊन बोट स्वतः पाहून जा. जेवायले भजे घालून कढी करते.

तुझी ताई,
योगेश्वरी


नवेगाव बांध,
१८ ऑक्टोबर, धनतेरस

ओमेश,

तू आला नाहीस. शालीकराम म्हणाला, पत्र तू त्याच्यासमोरच वाचलं आणि खिशात घातलं. संध्याकाळी तुझा फोन आला, पण मले नाही, भाऊजीले. "ताईले सांगा, घाबरू नको म्हणा, सगळं नॉर्मल आहे." मग त्यायनं मले विचारलं, "काऊन लिहिलं तू त्याले?" आणि घरात अबोला सुरू झाला. काल शेजारच्या सुशीलाबाईच्या मोबाइलवरून मी तुले फोन लावला, तर माझा आवाज ऐकून तुले लगेच मीटिंग आठवली. शाबास रे भावा.

म्हणून आता सरळ लिहिते. त्या चकरीत छान वाटलं, हे खोटं होतं. आम्ही मधात, खोल पाण्यात गेलो आणि माझ्या पायाले गार लागलं. पाहते तर पाणी! नारळाच्या चिरीतून नाही. मागून, ते पाणी ओढणारं यंत्र जिथं बसवलं आहे, त्या जोडातून येऊन राहिलं होतं. उपसायची मोटर बटण दाबून दाबून चालू झाली नाही. भाऊजी जेवणाच्या डब्यानं उपसत होते, मी ओंजळीनं. "काही नाही, काही नाही" म्हणत ते हसत होते. काठाले लागलो तेव्हा बोटीची चाबी तशीच ठेवून ते आधी पाळीवर चढले.

मग म्हणाले, कोणाले सांगायचं नाही. शपथ घातली ती छकुलीची. ती शपथ मी आज मोडून राहिली, कारण पुढचं वाच.

त्यायनं कंपनीत तक्रार केली होती. जोड घट्ट केला, मेण भरलं, पुन्हा पाणी आलं, पुन्हा फोन लावला. तुमची पोरगी म्हणाली, "सर, आपने तो पाँच स्टार दिए हैं, कंप्लेंट क्लोज हो गई." आठवते का ते पाच तारे? बोट अजून ट्रकवरून उतरायची होती तेव्हा तुझा फोन आला होता, "भाऊजी, मेसेज येईल, पाच तारे द्या, माझं प्रमोशन अडलं आहे." त्यायनं तिथंच उभ्या उभ्या दिले. साळ्याचा मान ठेवला. आता तेच तारे त्यायच्या गळ्यात आले.

इकडे नारळाची गोष्ट गावभर झाली. त्या बोटीत बसायले कोणी तयार नाही. तुझ्या भाऊजीले वाटते, लोकायचं भेव एकदा मोडलं की झालं. त्यायनं ठरवलं आहे, पाडव्याच्या मुहूर्तावर पहिली फेरी कंपनीवाल्याच्याच घरच्यायची. सगळ्या गावानं पाळीवरून पाहावं. रेणू दिवाळीले तिरोड्याले माहेरी आहेच. तिले फोन गेला. ती पाडव्याच्या आदल्या दिवशी छकुलीले घेऊन येऊन राहिली आहे. हे तुले कोणी सांगितलं नसेल, कारण तुले चकित करायचं ठरलं आहे. फेरीचा व्हिडिओ तुले पाठवणार आहेत.

मी रेणूले सांगितलं. बोट गळते, येऊ नको, असं रोखठोक सांगितलं. ती हसली. "ताई, तुमच्या भावानंच तर विकली, मग भेव कायचं?" लाइफ जॅकेट सगळे मोठ्या माणसाच्या मापाचे आले आहेत. छकुलीच्या मापाचं मागितलं तर म्हणतात, स्टॉक आएगा.

मले भेव वाटते, ओमेश. स्वयंपाक करता करता पायाले गार लागल्यासारखं होते आणि मी खाली पाहते. भाऊजी मनानं वाईट नाहीत, तुले माहीत आहे. पाणी येते हे त्यायलेही दिसते. पण तू नॉर्मल म्हणाला की त्यायले आपल्या डोळ्यापेक्षा तुझा शब्द खरा वाटतो. माझं इथं कोणी ऐकत नाही, तुझं सगळे ऐकतात. एक फोन कर, "भाऊजी, बोट काढू नका, ती खराब आहे." तुझा साहेब रागावेल, प्रमोशन जाईल, समजते मले. आणि खरंच नॉर्मल असेल तर पाडव्याले ये आणि पहिल्या बाकावर बसून दाखव.

लहानपणी तू गावच्या बोडीत पोहत होता आणि मी काठावर तुझे कपडे धरून उभी राहत होती. तू बुडी मारली की वर येईपर्यंत माझा जीव जाग्यावर राहत नव्हता. तू मुद्दाम उशीर करायचा.

या वेळी उशीर करू नको. फोन आला नाही तर तुझी पोरगी बोटीत बसेल, आणि मी तिले तशीच जाऊ देणार नाही. मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर मीच बसीन. भाऊबीजेचं ताट घासून ठेवलं आहे.

तुझ्या फोनची वाट पाहणारी,
तुझी ताई योगेश्वरी,
जिले अजून पोहता येत नाही.