समभुज चौकोनाची वडी

अप्पा,

आज नारळाच्या वड्या थापल्या आणि तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. सुरी फिरवताना हात आपोआप तिरका जातो, चारही बाजू सारख्या आल्या का ते डोळे तपासतात, आणि एखादी वडी बेढब निघालीच तर कुणी बघायच्या आत मी ती तोंडात टाकते. ही खोड तुमची. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत आईला कधी सुखाने वड्या पाडू दिल्या नाहीत. शाळेतली फूटपट्टी धुऊन घेऊन यायचात.

बाहेरच्या खोलीत तुमची भूमितीची शिकवणी, आत मी शेगडीपाशी. मला मात्र मॅट्रिकला भूमिती घेऊ दिली नाहीत. "मुलीच्या जातीला कर्ण मोजून काय करायचंय?" म्हणालात आणि गृहशास्त्र घ्यायला लावलंत. स्वतः भूमितीचे मास्तर! पण माझे कान कसे बंद करणार होतात? तुमचे सगळे सिद्धांत मी पोळ्या लाटता लाटता पाठ केले.

मग मुलुंडचं स्थळ आलं. मी पदर सावरत वड्यांची ताटली पुढे करते आहे. मुलाची आई एक उचलून म्हणते, "छान हो, अगदी चौकोनी." झालं! तुम्ही खुर्चीत सरसावून बसता. "समभुज चौकोन," तुम्ही म्हणता आणि मुलाकडे वळता. "सांगा पाहू, चौरसाच्या चारही बाजू सारख्या, याच्याही सारख्या. मग फरक काय?" तो वडी चावत म्हणतो, "हा गोड आहे." मला हसू फुटतं. आई पुटपुटते, "अहो, मुलगी बघायला आलेत ते, परीक्षेला नाही." ते गेल्यावर तुम्ही निकाल देऊन टाकलात, मुलगा उथळ आहे, पत्रिका जुळत नाही म्हणून कळवू. मला तो आवडला होता, अप्पा. त्या घरात तुमच्यासमोर गंमत करायची कुणाची छाती नव्हती. पण माझं मत विचारतंय कोण!

पुढच्या रविवारी तो न बोलावता आला. आईकडून उरलेली एक वडी मागून घेतली, खिशातून दोरा काढला आणि समोरासमोरचे कोपरे मोजून दाखवले. "चौरसाचे दोन्ही कर्ण सारखे. याचा एक लांब, एक आखूड." तुम्ही उठून त्याची पाठ थोपटलीत, आणि न जुळणाऱ्या पत्रिका संध्याकाळपर्यंत जुळल्यासुद्धा.

नंतर जन्मभर "आमचे जावई भूमितीत पक्के" म्हणून मिरवलात. कसले पक्के? त्यांना आजही भिंतीवर फोटो सरळ लावता येत नाही. तुमचासुद्धा वाकडाच लागलाय. त्यांची बहीण माझ्याबरोबर शिवणाच्या वर्गाला होती. काजं करता करता उत्तर मी तिला सांगितलं, दोऱ्याच्या युक्तीसकट, आणि तिने भावाकडून ते घोकून घेतलं. आम्ही तिघांनी तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

हा कागद आता डब्याच्या तळाशी घालते, वड्या चिकटू नयेत म्हणून. पण त्या दिवशीची ती थाप माझी होती, अप्पा. मला ती अजून हवी आहे.