तोरणातली निळ्या दोऱ्याची लोंबी

७ सप्टें., सोम.
सकाळी प्रयोगशाळेत डबे उघडले. साध्या इंद्रायणी भाताच्या देठांवरच्या अळ्या टुमटुमीत, खाऊनपिऊन सुखी. आमच्या नव्या भाताच्या देठांवरच्या मात्र चार दिवसांपूर्वी होत्या तेवढ्याच, दोऱ्यासारख्या. देठ कुरतडलाय, पण जेमतेम. तीनदा बघितलं. प्रयोगाच्या प्रमुख, मॅडमना हाक मारली. त्या स्टुलावर बसल्याच. मग म्हणाल्या, "पुन्हा बघ." चौथ्यांदा बघितलं.
सहा वर्षं मी खोडकिड्याच्या अळ्यांची आया आहे. खाऊ घाल, डबे पूस, लहान-मोठ्या वेगळ्या कर. आज माझी बाळं उपाशी राहिली आणि मला आनंदानं रडू आलं. कसली ही आया!

८ सप्टें., मंगळ.
डोक्यातून जात नाही. सुरुवात भाजीनं झाली होती. बेडशाच्या लेण्यांच्या अंगाला, कळकाच्या बेटाखाली आईची अळंबीची जागा आहे. कुणाला सांगत नाही, मलासुद्धा नाही. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात तिनं "मॅडमला दे" म्हणून टोपलीभर दिली. मॅडमनी ती चिरायच्या आधी भिंगाखाली धरली (त्यांचं असंच). एरवी रानातली अळंबी दुसऱ्या दिवशी किड्यांनी भरते. हिच्यात एक किडा नाही. भाजी झालीच नाही.
अळंबीला काटा नाही, साल नाही, पळता येत नाही. दोन दिवसांचं आयुष्य. तरी किड्यानं तोंड लावलं की त्याच्या आतड्याला चिकटून बसेल असं काहीतरी ती अंगात तयार ठेवते. किडा खातो, पण अंगी लागत नाही. ते तयार करायची युक्ती एका जनुकात. आम्ही ती उचलून भातात ठेवली आणि भाताला ती कळली! बुरशीनं लिहिलेलं गवतानं वाचलं. कुठली कोण ही दोघं. मी रोज हे काम करते, तरी आज अंगावर काटा आला.

२७ सप्टें., रवि.
घरी, बेडसे. आबा शेतातून आले ते हातात पांढऱ्या लोंब्या घेऊन. नुसतं धरलं की उपटून येतात. आत दाणा नाही. खोडकिडा खालून पोखरतो, वरून भात उभं दिसतं.
"उबं हाय, पर मेलंय," आबा म्हणाले.
सांगावंसं वाटलं. सांगितलं पण. नको तेवढं सांगितलं बहुतेक.
"मग दे की मूठभर बी!"
"आबा, ते प्रयोगाच्या जाळीच्या मांडवाबाहेर काढायचं नाही. माणसानं, गुरानं, पाखरानं खाल्लं तर काय होतं ते अजून तपासायचंय. परवानगी जाळीपुरतीच आहे."
"अळंबी तर आमी जन्मभर खातो."
 शिजवलेली अळंबी वेगळी, कच्चा दाणा वेगळा, वगैरे पुटपुटले.

१६ ऑक्टो., शुक्र.
मॅडम म्हणाल्या, ज्यांच्यासाठी करतोय त्यांना दाखवू तरी. आबांना तळेगावला आणलं, जाळीत. बाहेर चपला, दोन दारं, धोतरावर पांढरा कोट. आबा लगीनघरात आल्यासारखे अवघडलेले. आत भात पिकून वाकलेलं. नव्या भाताच्या प्रत्येक लोंबीच्या देठाला ओळखीसाठी निळा दोरा. हिरव्या खुणेच्या ओळीत आपलं साधं भात, त्यात अळ्या सोडल्या होत्या, निम्मं पांढरं. निळ्या दोऱ्याच्या ओळीतही तेवढ्याच सोडल्या होत्या.
"हितं एक बी पांडरी न्हाई?"
"नाही."
"औशीद?"
"नाही. आईची अळंबी."
आबांनी टोपी काढली. भाताला हात जोडले.  मॅडमनीही मान खाली घातली. असं वाटलं की सहा वर्षं मी नुसती मोजत होते, पाहिलं आज.
बाहेर पडताना वहीत सही केली: पाहुणा एक, आत-बाहेर, तपासणी पूर्ण. खिसे तपासायचे असतात. बापाचे काय तपासायचे.

२० ऑक्टो., मंगळ. दसरा.
दहा वाजता घरी पोचले. दारावर तोरण. आंब्याची पानं, झेंडू, भाताच्या लोंब्या, नेहमीसारखं. एका लोंबीच्या देठाला निळा दोरा.
 तिच्यावर दोन चिमण्या.
आपल्याकडे कुणाच्याही शेतात चांगलं पीक दिसलं की एक लोंबी खुडून टोपीत खोचायची आणि दसऱ्याला दारावर बांधायची. कुणी चोरी म्हणत नाही, उलट मालक खूश होतो. मला हे लहानपणापासून माहीत. टोपी काढताना मी बघत होते. घालताना कुणी बघितलं!
"लेकीचं भात हाय, दारावर नको व्हय?" आबा. चेहऱ्यावर केवढा आनंद.
ओरडले त्यांच्यावर. सणाच्या दिवशी. नको होतं ओरडायला.
लोंबी पिशवीत बंद केली. दाण्यांच्या रिकाम्या जागा मोजल्या: नऊ. उंबऱ्याशी चिमण्यांनी सोललेली टरफलं सापडली, सात. अंगण ओंजळीओंजळीनं चाळलं. दोन दाणे नाहीत.
आई म्हणाली, "पिशवी चुलीत टाक. कुनाला कळनार हाय?"
खरंच कुणाला कळणार? सांगितलं तर जाळीला कुलूप, मॅडमची सहा वर्षं अडकणार, माझी नोकरीही बहुतेक जाणार. नाही सांगितलं तर दोन दाणे कुठंतरी आहेत.
पुरणपोळी कुणीच खाल्ली नाही.

२१ ऑक्टो., बुध.
सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.  मग स्वतःच वर कळवलं. दुपारी जाळीला कुलूप.
"रागावलात?" विचारलं.
"हो," म्हणाल्या. मग, "फोन कालच यायला हवा होता. एक दिवस लावलास."
मला वाटलं होतं, सांगितल्याबद्दल तरी पाठ थोपटतील. वेडी मी.

२४ ऑक्टो., शनि.
घरी तपासणीला तिघं जण आले, अंगण झाडून माती नेली. पुढचे काही आठवडे दारात भाताचा कोंब आला तर हात लावायचा नाही, कळवायचं. आबा गोठ्यात बसून राहिले. गावात चर्चा, की लेकीनं बापाला धरून दिलं. आबा माझ्याशी बोलत नाहीत. आईही कमीच. माझ्या कामाचं काय ते ठरलेलं नाही, "कळवू" एवढंच.
अळ्यांना खाऊ घालायला रोज जाते. त्या कुलपात नाहीत.

१ नोव्हें., रवि.
घरी गेले नाही. प्रयोगशाळेत निळ्या दोऱ्याच्या देठावरची शेवटची अळी अजून जिवंत आहे. खाते, वाढत नाही, मरत नाही. तिच्याकडे बघत बसले. अळंबीच्या एवढ्याशा प्रथिनाला बरोबर कळतं, कुणाला अडवायचं ते. आणि मला बापाची टोपी बघायचं सुचलं नाही.

८ नोव्हें., रवि.
सकाळी आबांचा फोन. एकोणीस दिवसांनी आवाज.
"ये. टोपलीखाली हाय."
मोरीचं पाणी जिथं जिरतं तिथं पालथी टोपली, वर दगड. शेजारी आबा, पोत्यावर बसलेले. दगड त्यांनीच काढला. भाताचा एक कोंब, वीतभर, हिरवागार.
"आपल्या खळ्यातला बी असंल," आबा म्हणाले. "दर साली येतो हितं येकादा."
"असेल."
"न्हाई तर तुजा."
"पात्यावरून कळेल. उद्या संध्याकाळपर्यंत."
"तुजा असला तर?"
"मुळासकट उपटायचा. जाळायचा."
आबांनी कोंबाकडे बघितलं. हिरवं भात त्यांनी आयुष्यात कधी जाळायला उपटलेलं नाही. म्हणाले, "तूच उपट. माज्यानं न्हाई व्हनार. पर तवर कोंबडीला तोंड लावू देनार न्हाई."
मॅडमना फोनवर कळवून, विचारून मी पात्याचं टोक कापून पिशवीत घातलं, नाव-तारीख लिहिली.  आबांनी पिशवीचं तोंड धरलं, हळूच, नुकतं जन्मलेलं वासरू धरावं तसं. मला कळेना, हा आपल्या खळ्यातला निघावा असं वाटतंय की जाळीतला निघावा. आणि दुसरा दाणा कुठं आहे ते तर माहीतच नाही.
शिवारात भाताची कापणी चालू आहे. बायका दोनदा बोलवायला आल्या. आबा गेले नाहीत. टोपलीजवळच बसलेत.