दुर्बिणीत सुलटं दिसलं ते

४ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पुलांच्या तपासणीची नोकरी म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! पण आभाळ मात्र गावोगावी फुकट मिळतं, म्हणून एक दुर्बीण घ्यावी म्हणते. बसच्या सीटखाली मावेल आणि माझ्यासारख्या नवशिकीला झेपेल अशी हवी. दुकानदार म्हणतो, पाचशे पट मोठं दिसतं. तुम्ही जन्मभर चष्मे घडवलेत, तेव्हा तुम्हीच सांगा. आई म्हणते, एकेकाळी तुम्ही रोज गच्चीवर असायचात. मग का सोडलंत? लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

तुमची भाची,
भिंगरी

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दुकानदाराला पाचशे पट सांगायला काय जातंय? इतकं मोठं केलं की चंद्राचाही लगदा होतो. नवशिक्याने आकडा बघू नये, आरशाची रुंदी बघावी आणि तिपाई हलवून बघावी. ती डुगडुगली की हौस आठवड्यात फिटते. पण तू विकत घेऊच नकोस. मी स्वतः आरसा घासून केलेली दुर्बीण बावीस वर्षं पेटीत पडून आहे, ती पाठवतो. हातभर लांब, खांद्याला अडकवता येते. आधी दिवसा लांबची एखादी वस्तू धरून नेम धरायची वरची छोटी नळी जुळवून घे. सूर्यावर चुकूनही रोखू नकोस. सगळं उलटं दिसेल, पण आरशाच्या दुर्बिणीचा तो स्वभावच आहे. गच्चीचं विचारतेस, तर गुडघे दुखतात. जपून राहा.

तुझा मामा

२५ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

दुर्बीण पोचली. माझ्या नव्या खोलीच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर दुपारी चारला नळी जुळवली. टाकी उलटी, कावळे उलटे, वाळत घातलेल्या चादरी उलट्या. हसून हसून पुरेवाट झाली. पण टाकीच्या जिन्यावर एक बाई बसली आहे आणि ती एकटीच सुलटी दिसते. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर जिना रिकामा. रोज चारला बघते, रोज तीच. छातीवर हात, आणि चष्म्याची काडी निळ्या दोऱ्याने बांधलेली. मामा, आरशात काही खोट आहे का? खरं सांगते, आता या खोलीत एकटीला नको वाटतं. माया आहे ना, मग लगेच लिहा.

तुमची भिंगरी

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आरशात खोट नाही. बाहेरचं जे काही आहे ते त्यात उलटंच दिसणार. सुलटं दिसतं ते बाहेरचं नाही. पुढचं झाकण लावून एकदा बघ आणि दोरा कोणत्या बाजूला ते कळव. बाकी काही करू नकोस.

तुझ्या काळजीत,
मामा

१० फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

झाकण लावलं. टाकी गेली, कावळे गेले, सगळा काळोख झाला. बाई तिथेच होती. दोरा उजव्या काडीला आहे. आता ती जवळ आल्यासारखी दिसते आणि तिचे ओठ हलतात. तीन दिवस बघितल्यावर कळलं, ती एकच विचारते, “झालं का?” माझ्या तोंडून हो निघणारच होतं, पण मागे सरकताना धक्का लागून तिपाई कलंडली. दुर्बीण चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवली आहे. मामा, ही कोण? तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच दोऱ्याचं विचारलंत. मला फार भीती वाटते. लोभ असेल तर लपवू नका.

तुमची भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ती तुझी मामी. तू तेव्हा रांगत होतीस. त्या रात्री मी गच्चीवर होतो, डोळा दुर्बिणीला. जिन्यातून तिने विचारलं, झालं का. मी म्हणालो, थांब, एवढं बघून होऊ दे. तिने परत विचारलं, मी परत थांबच म्हणालो. उतरलो तेव्हा ती पायरीवर बसलेली होती, हात छातीवर, अंग गार. गावाचे चष्मे मी दुरुस्त केले आणि घरच्या काडीला महिनाभर दोरा. त्यालाही थांबच म्हणायचो.

माझं ऐकून ती बावीस वर्षं थांबली आहे, पोरी. तिला हो म्हणू नकोस. ते उत्तर माझं आहे. शनिवारी चारच्या आत पोचतो. दुर्बीण खिडकीशी मांडून ठेव, झाकण लावूनच. पिशवीत छोटा पेचकस आणि काडीचा स्क्रू घेतला आहे. आईला इतक्यात काही बोलू नकोस. तू लोभ केलास, तो मला पुरला. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझा मामा