चादरीचं दुसरं टोक

प्रिय ठकू,

तुझा फोन मुद्दामच उचलला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून लिहिते आहे. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

गेल्या शनिवार-रविवारी आम्ही चौघी लाँड्रीवाल्या समुद्राकाठी जाऊन आलो. तुझ्या बापाला वाटलं, म्हाताऱ्या हवा खायला निघाल्या. हवा कसली! लंबूला निरोप द्यायला गेलो होतो. हॉस्पिटलच्या लाँड्रीत लंबू आणि मी जोडीला. चादर धुऊन आली की दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. झटकायची, ताणायची आणि इस्त्रीच्या गरम रुळात घालायची. ती एवढी ताडमाड आणि मी बुटकी, की माझे हात कायम वर, पोलिसांनी धरल्यासारखे. सगळी नोकरी मी तशी उभ्यानं काढली. गेल्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, डावा हात गेला तो गेलाच. लेक तिची वाईट नाही. पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवरा-बायको दोघं पाळीवर कामाला. तेव्हा येत्या सोमवारी लंबूला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात सोडायचं ठरलं. साबण पातळ केला म्हणून मुकादमाची गचांडी धरणारी बाई ही, आणि यावर नुसतं म्हणाली, चालेल. ते चालेल माझ्या डोक्यात गेलं.

बाकीच्या दोघी तुला ठाऊक नाहीत. एक मॅनेजर. ती मॅनेजर कधीच नव्हती, पण दुसऱ्याला कामाला लावल्याशिवाय तिला घास उतरत नाही. दुसरी चिमणी, तिची चोच झोपेतही मिटत नाही. बस उतरून शेतांच्या कडेनं चालत गेलो. वारा असा की चिमणीचं बोलणंसुद्धा उडून जात होतं, तेवढंच सुख. दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतलेलं घर बैठं, पत्र्याचं, पुढे अंगण आणि अंगणाला लागून वाळू. मालकानं किल्ली दिली आणि बिचारा बोलून गेला, चादरी धुतलेल्या आहेत हं. मॅनेजरनं एका चादरीचं टोक उचलून नाकाला लावलं. म्हणाली, साबण राहिलाय हिच्यात, नीट खंगाळलेली नाही. झालं! पिशव्या दारातच राहिल्या. आम्ही पलंग उघडे केले, कपाटातल्या जादा चादरी काढल्या, टॉवेल काढले, चिमणीनं पडदेसुद्धा उतरवले. सगळं धुऊन दोरीवर.

आता हे शहाणपण बघ. जन्मभर गरम रूळ हाताशी. ओली चादर घातली की पलीकडून कडक होऊन बाहेर. आणि इथे ती खारट, दमट हवा. दुपार गेली, ऊन उतरलं, तरी चादरी ओल्या त्या ओल्याच, वर चिकट. घरात अंगाखाली घालायला चिंधी कोरडी नाही. मालक मासे घेऊन आला तर त्याचं अख्खं घर दोरीवर लटकलेलं. घाबरून म्हणाला, काय झालं हो? चिमणी म्हणाली, काही नाही, जरा आवरलं. त्यानं घरून एक इस्त्री आणून दिली आणि जो पळाला तो परत फिरकला नाही.

इस्त्रीच्या आधी चादरी झटकून, ताणून घ्यायला हव्या होत्या. मॅनेजरनं लंबूला अंगणात खुर्ची देऊन सांगितलं, तू बस, समुद्र बघ. आणि ती बसली! गप्प, मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी. माझं टाळकं सरकलं. एक चादर ओढली आणि तिच्या अंगावर टाकली. तिनं माझ्याकडे पाहिलं, उठली. एक टोक उजव्या हातात धरलं, दुसरं दातात. तिचे दात खरे आहेत म्हणून. माझे असते तर चादरीबरोबर अंगणात पडले असते. मी हात वर केले आणि लाँड्रीत द्यायचे तसाच हिसका दिला. मॅनेजर किंचाळली, अगं बये, पडेल ना ती! पडली नाही. उलट तिनं असा हिसडा दिला की मीच वाळूत बसले. चादरीतून काहीतरी पुटपुटली. शब्द कळला नाही, पण बुटके म्हणाली असणार. आम्ही सगळ्या चादरी केल्या. मग लंबूचं तोंड सुटलं. चहा पाणचट, चिमणीची इस्त्री वाकडी, मालकाची दोरी सैल. एकदासुद्धा चालेल म्हणाली नाही.

परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं. विचारलं कसलं, सांगितलं. ती म्हणाली, तू घोरतेस त्याचं काय करायचं? मी म्हटलं, दार लावून घे. उतरल्यावर तिनं स्वतः लेकीला फोन केला. लेक रडली, लंबूनं तिला झापलं, आणि आश्रमाला नको म्हणून कळवलं.

तर ठकू, लंबू सोमवारी माझ्याकडे राहायला येते आहे आणि तुझी खोली मी तिला दिली. विचारत नाही, कळवते आहे. तळमजला आहे, न्हाणीघर शेजारी, आणि तू वर्षातून दोनदा येतेस. यापुढे आलीस की माझ्याजवळ झोप, घोरणं सहन कर. तुझा बाप ओरडेल, की आई, तुझंच करायला कुणी नाही आणि तू कुणाचं करणार? त्याला तू सांभाळ, तुझं ऐकतो तो. म्हणावं, दोघींत मिळून तीन हात आहेत, पुरतात. शिवाय मला घरात भांडायला माणूस हवं, भिंतींशी भांडून कंटाळा आला. तू आदल्या दिवशी, रविवारी ये. खोलीतली तुझी खोकी, एका चाकाची सायकल आणि तीन दिवस वाजवलेली गिटार घेऊन जा. येताना करवत आण. पलंगाची पायाकडची फळी कापायची आहे, तिचे पाय बाहेर यायला जागा हवी.

तुझीच, आणि यापुढे निम्मी लंबूची,
आजी