गैरहजेरीचे चौदा महिने

आई, भावाने कॅनडाहून पाठवलेल्या तुझ्या कागदांत नागरिकत्वाच्या अर्जाची झेरॉक्स निघाली. देशाबाहेर किती दिवस राहिलात आणि कशासाठी, असा त्यात एक रकाना आहे. तिथे भावाने सुबक अक्षरात भरलंय: बहारीन, चौदा महिने, सुट्टी. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. बहारीनला नईम भागातल्या माझ्या दोन खोल्यांत तू माझं बाळंतपण काढलंस, लंगोट धुतलेस, एसी बंद पडला की ओला पंचा हलवत बाळाशेजारी बसलीस. मी पहाटे मुहर्रकला विमानतळावर कार्गो ऑफिसच्या शिफ्टला जायची, ती दुपारी परत येईपर्यंत तू एकटी. चौदा महिन्यांत तुला एकदाच समुद्र दाखवला, तोही गाडीतूनच. आणि कागदावर सुट्टी!

पण भावावर चिडून मी कशी सुटेन? बाबा गेल्यावर तो तुला घेऊन गेला, तिथे कायम राहायचा परवाना मिळवून दिला. तुला पासपोर्ट हवा होता, आणि तो तिथे राहण्यासाठी नव्हताच. ‘तो हातात पडला की देवरुखला बहिणीकडे जाऊन राहीन, वाटेल तेव्हा नातवंडांना बघायला परत जाईन. मग मला कोण दिवस विचारणार नाय,’ असं तू नाचणीचं सत्त्व ढवळताना सांगायचीस. तेव्हा अर्जाआधीच्या चार वर्षांतली तीन तिथे काढलेली दाखवावी लागत. म्हणजे बाहेर राहायला सगळं मिळून एकच वर्ष. हे तुला नीट ठाऊक नव्हतं. त्यावर लक्ष भाऊ ठेवायचा.

तुला येऊन अकरावा महिना चालू आहे. फोन वाजतो, मी उचलते. ‘ताई, आईला या महिन्यात पाठव,’ भाऊ म्हणतो. ‘वर्षाच्या वर गेलं तर तिचा अर्ज अडकेल.’ मी म्हणते, ‘बघते.’ तू बाळाला मांडीवर घेऊन भरवते आहेस. ‘कोणाचा गो फोन?’ ‘ऑफिसचा,’ मी म्हणते. तू मान हलवतेस आणि पुढचा चमचा भरतेस. नोकरीत कायम व्हायला मला तीन महिने उरले होते. एक दिवस जरी घरी बसले असते तरी माझी खुर्ची दुसऱ्या कोणाला गेली असती. बाळाला सांभाळणारी बाई मिळत नव्हती. खरं तर तू होतीस म्हणून मी बाई शोधलीच नाही. भावाचा पुन्हा फोन आला तेव्हा तिकीट मिळत नाही असं ठोकून दिलं.

मी नोकरीत कायम झाले आणि तू परत गेलीस. इतके महिने बाहेर राहूनही परत येऊ देणारा कागद भावाने आधीच करून ठेवला होता, म्हणून तुला आत तरी घेतलं. भावाने तरीही अर्ज करून पाहिला, तो मात्र नामंजूर झाला. दोन महिने कमी पडले. भाऊ म्हणाला, आता पुन्हा अर्ज करेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, ‘त्याने तुला आधी फोन केलान होता ना?’ मग तूच म्हणालीस, ‘अगो, विचारायचंस तरी. मी राहिले असते.’ बस, एवढंच. त्यानंतर तू माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलायचीस. देवरुखची मावशी गेली तेव्हाही तुला निघता आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात तूच गेलीस, ज्या गावाचं नाव तुला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही तिथे.

त्या एका वाक्याचा मला अजून राग आहे. शिव्या दिल्या असत्यास तर मी उलटून भांडले असते, मुलगा तुला नेहमीच जवळचा होता हे ऐकवलं असतं. तू मला तेवढीही जागा ठेवली नाहीस.

भाऊ म्हणतो, आईबद्दल दोन पानं लिही, मुलांना वाचून दाखवतो. ही पानं त्याला जाणार नाहीत. त्याला आठवणीतलं काहीतरी गोड लिहून देईन. तू गेल्याचं त्याने कळवलं तेव्हा मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. रडू नंतर आलं, आई. आधी मनात आलं ते एवढंच, की आता माझ्याजवळ कोण येऊन राहणार.