गाणारा डबा

आई, तुझ्या रेकॉर्ड्स पुन्हा वाजायला लागल्या आहेत. तुला हे कळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहायला घेतलंय. बाहेर बाल्कनीत बाबा सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं चाळत बसलेत. डच येत नाही, पण कांदे कुठे स्वस्त आहेत ते चित्रावरून कळतं म्हणतात. मे महिन्यात आले ते माझ्याकडे, आइंडहोव्हनला, तीन महिन्यांच्या व्हिसावर, आणि आता परतीची बॅग भरायची वेळ जवळ आली आहे. तू त्यांना शेवटचं पाहिलंस तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता काठी लागते, आणि चालताना सायकलवाल्यांवर ते असे खेकसतात, जसा काही सगळा रस्ता त्यांनी पुण्याहून येताना बरोबर आणलाय.

तू गेलीस तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. तू गेल्यावर महिन्याभरातच बाबांनी तो स्टीरिओ भंगारवाल्याला देऊन टाकला. रेकॉर्ड्स मात्र माळ्यावर ठेवल्या. त्यानंतर त्यांनी घरात गाणं लावलं नाही. रेडिओ बातम्यांपुरता, बातम्या संपून संगीत सुरू झालं की ते बंद करायचे. गेल्या वर्षी पुण्याचा आपला फ्लॅट विकून बाबांना तिथेच लहान घरात हलवलं, तेव्हा माळा रिकामा करताना तुझ्या रेकॉर्ड्सची पेटी निघाली. ती मी कपड्यांत गुंडाळून बॅगेतून इकडे आणली. वाजवायला काहीच नव्हतं. नुसती कव्हर्स पुसून कपाटात उभी करून ठेवली. मग वाटलं, हे बरोबर नाही.

आपल्या घरातला तो स्टीरिओ तुला आठवतो ना? रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली. दोन डबे होते त्याचे, म्हणजे स्पीकर, पण आपल्याकडे कुणी स्पीकर म्हणायचं नाही. एक बाबांच्या खुर्चीजवळ. दुसरा तुझ्याकडे, स्वयंपाकघरात, पोह्यांच्या आणि रव्याच्या डब्यांच्या रांगेत फळीवर. दाराच्या चौकटीवरून खिळे मारून वायर नेली होती. त्या डब्याचं पुढचं कापड फोडण्यांनी पिवळं आणि चिकट झालं होतं. मोहरी तडतडली की गाण्याची एक ओळ गायब व्हायची. तू मोठ्यानं गायचीस, अगदी मोकळ्या गळ्यानं, कणीक मळता मळता. बाबांना गाण्याचे शब्द कधी आलेच नाहीत. मधल्या वाद्यांच्या जागा तेवढ्या ते तोंडानं वाजवायचे, आणि आपण दोघी त्यांना हसायचो. मी मधल्या पॅसेजमध्ये जमिनीवर बसून अभ्यास करायचे. इकडून एक, तिकडून एक, असं सगळं मिसळून माझ्या कानावर यायचं.

एकदा तू दळण आणायला गेली होतीस. वर्गातली मैत्रीण घरी आली होती, आणि तिच्यासमोर मिरवायला म्हणून मी तुझा डबा फळीवरून काढून बाहेर आणला, बाबांच्या डब्याशेजारी ठेवला. तू आलीस, पिशवी दारातच ठेवलीस. "माझा डबा जागेवर ठेव." मैत्रिणीसमोर इतक्या कडक आवाजात तू कधी बोलली नव्हतीस. मला फार अपमान वाटला. एका डब्यासाठी एवढं काय, हे मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

हिवाळ्यात मी जुन्या वस्तूंच्या साइटवर एक अँप्लिफायर पाहिला. आपला होता त्या कंपनीचा नाही, पण तसाच रुपेरी चेहरा, तशीच जड गोल बटणं. बरोबर रेकॉर्ड प्लेअर आणि लाकडी डब्यांची जोडी. विकणारे आजोबा टिलबर्गचे. त्यांची बायको आता वृद्धांच्या सेवाकेंद्रात असते, ते स्वतः लहान घरात जाणार होते. मी दारात पोचल्यावर आधी कॉफी, कॉफीबरोबर एकच बिस्किट, आणि मग लगेच सेटमधल्या सगळ्या दोषांची यादी. डावी बाजू मधेच बंद पडते. डब्यांच्या आतला फोम कुजलाय. रेकॉर्ड फिरवणारा पट्टा ढिला आहे. आपल्याकडे विकणारा असं सांगत सुटला तर घरचे त्याला वेड्यात काढतील. त्यांच्या खोलीत लाकडी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या: दोन डब्यांच्या जागा आणि त्यांच्यापासून सारख्या अंतरावर खुर्चीची. "इथे बसलं तरच रेकॉर्ड ऐकू येते," ते म्हणाले. "तुम्ही कुठे बसणार?" मी हसत हसत त्यांना आपलं घर सांगितलं, एक डबा बाहेर, एक स्वयंपाकघरात. तेही हसले. मग इथल्या लोकांच्या सरळपणानं म्हणाले, "म्हणजे मग तुमच्या घरात ती रेकॉर्ड कुणीच ऐकली नाही."

परतीच्या वाटेवर सेट मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता आणि हे वाक्य डोक्यातून जाईना. खरंच होतं ते. स्टीरिओ म्हणजे एका गाण्याचे दोन भाग, दोन डब्यांतून. त्या काळच्या कितीतरी रेकॉर्ड्सवर गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ पूर्ण एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला टाकलेली असत. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, आज इथे चिप बनवायच्या यंत्रांवर काम करते, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे तू आयुष्यभर अर्धंच गाणं ऐकलंस. पूर्ण गाणं ऐकायला बाहेर खुर्चीत येऊन बसावं लागलं असतं, आणि ती खुर्ची बाबांची होती. आई, मला त्यांचा राग आला. आधीपासून थोडा होताच; तू गेल्यावर ते तुझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत याचा. आता त्याला कारण मिळालं.

माझी मुलगी युट्रेख्टला शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामी असते. तिथे तिच्या अभ्यासाच्या टेबलावर मी सेट उघडला. आत करडी धूळ गादीसारखी साचलेली. ती ब्रशनं काढली, बटणांच्या आत स्प्रे मारून ती खरखर थांबेपर्यंत फिरवत बसले. पहिल्यांदा वीज देताना वायरीत बल्ब जोडून दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सेट वाचतो. माझा बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, तेव्हा मी खुर्चीतच हुश्श केलं. फुगलेले कपॅसिटर बदलले. डब्यांना नवीन फोम चिकटवला, आणि तो मधोमध बसेना म्हणून दोनदा काढून पुन्हा चिकटवला. मार्च संपेपर्यंत शनिवार-रविवार यातच गेले. नवऱ्यानं एकदा विचारलं, नवीन का नाही घेत? मी म्हटलं, नवीन कुठलाही मिळेल, मला आईकडे होता तसाच हवाय. तो समजून गेला आणि चहा ठेवायला उठला.

बाबा आले तेव्हा सेट हॉलमध्ये मांडलेला होता, टिलबर्गच्या आजोबांसारखाच, मापं घेऊन. बाबांनी त्याच्याकडे काठी रोखली. "पैसे देऊन भंगार आणलंस?" बस, एवढंच. मग दोन महिने ते त्या खोलीतून जाताना त्याच्याकडे बघायचेही नाहीत. मीही लावला नाही. खरं तर मी वाट बघत होते. मला त्यांना त्या मधल्या खुर्चीत बसवायचं होतं आणि पूर्ण गाणं ऐकवून विचारायचं होतं, की हे तुम्ही तिला का दिलं नाहीत. ते परत गेले आणि पुढे काही बरंवाईट झालं तर हे विचारायला कुणी उरणार नव्हतं.

गेल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "बाबा, इथे बसा जरा." ते बसले. मी तुझी ती भावगीतांची रेकॉर्ड लावली, कव्हरचा कोपरा उंदरानं खाल्लेली. सुई टेकली, आणि डावीकडून तो आवाज, उजवीकडून व्हायोलिन आणि तबला. बाबा एकदम ताठ झाले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट.

"हे सगळं एकदमच येतंय," ते म्हणाले.

"असंच ऐकायचं असतं बाबा. पूर्ण. आईला कधी मिळालं का असं? तुम्ही इकडे खुर्चीत, आणि तिला एक डबा दिलात फळीवर. अर्धं गाणं. उरलेलं."

मी आवाज चढवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. "उरलेलं?" ते म्हणाले. "अगं, गाणारा डबा तिच्याकडे होता."

सेट आणला त्या दिवशी, ते म्हणाले, त्यांनी दोन्ही डब्यांना आळीपाळीनं कान लावून पाहिला होता. एकातून गाणं येत होतं, दुसऱ्यातून नुसती वाद्यं. "तिला म्हटलं होतं, बाहेर येऊन बस. बसली एकदा. पाच मिनिटांत उठली. म्हणाली, हात रिकामे ठेवून मला ऐकता येत नाही. मग म्हटलं, तुला शब्द लागतात, तर शब्द तू घे. मला काय, व्हायोलिन चालतं." आणि पुढे म्हणाले, "तिला आवडायचं बघ, तो डबा तिचा आहे म्हणून."

आई, हे खरं, की इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी बनवलेलं सोयीचं खरं, ते तूच सांगू शकशील. स्वयंपाकघरात उभं राहून तुला किती ऐकू आलं असेल, तेही तूच. पण मैत्रिणीसमोरचं तुझं ते वाक्य मला आठवलं, आणि मी त्यांच्याशी पुढे भांडू शकले नाही. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी खाली सतरंजीवर बसले.

रेकॉर्ड चालूच होती. बाबा थोडा वेळ डोळे मिटून ऐकत होते, मग कपाळाला आठ्या पडल्या. "ही बाई कोण?" त्यांनी विचारलं. मी गायिकेचं नाव सांगितलं. नाव त्यांना अर्थातच माहीत होतं. त्यांनी मान हलवली. "तसं नाही. मी हे शब्द हिच्या तोंडून कधी ऐकलेच नाहीत. तुझी आई आतून इतक्या मोठ्यानं म्हणायची, की मला तिचंच ऐकू यायचं. माझ्याकडे वाद्यं आणि पलीकडून ती." ते काठी टेकत उठले, सेटजवळ गेले, बटणं वाकून न्याहाळली आणि डाव्या-उजव्या बाजूचं बटण हळूहळू पूर्ण उजवीकडे फिरवलं. गाणं गेलं. व्हायोलिन उरलं, तबला उरला, आणि कडवी जिथे असायची तिथे नुसता ठेका. बाबा पुन्हा खुर्चीत येऊन बसले. त्यांचे ओठ हलत नव्हते. ते ऐकत होते, अगदी लक्ष देऊन, आणि मधेच एका ठिकाणी हसले.

"इथे तिचा श्वास पुरायचा नाही," ते म्हणाले. "येतंय ना ऐकू?"

मी हो म्हटलं.

हे पत्र मी घडी घालून कुठेतरी ठेवून देईन. बाबांना वाचून दाखवणार नाही, कारण त्यातली एक गोष्ट त्यांना कळायला नको आहे. ते यायच्या आधी, सेट सुरू झाल्यापासून, घरात कुणी नसलं की मी हीच रेकॉर्ड लावायचे आणि त्या मधल्या खुर्चीत बसून रडायचे. डावीकडून येणारा तो आवाज तुझा आहे अशी माझी खात्री होती. रविवारी बाबांनी तो बंद केल्यावर तुझा आवाज आठवायचा मी खूप प्रयत्न केला. मला दुसरा कुठलाच आवाज आठवला नाही.